लहान मुलांना पर्यावरणाचं शिकवायचं तर आधी "हे कुठं जातं?" ते दाखवा

तुम्ही विचारलंय की मुलं ५ आणि ८ वर्षांची आहेत, शाळेत झाडं वाचवाचं पोस्टर काढतात पण घरी पंखा चालू सोडून खेळायला पळतात, सांगून ऐकत नाहीत, तर काय करावं. माझी मोठी ९ ची आणि धाकटा ६ चा, नाशिकरोडला जेलरोडला राहतो आम्ही, तर जे आमच्याकडे जमलं ते सांगते, आणि जे चुकलं तेही.

चुकलेलं आधी. मोठी ५ वर्षांची असताना तिने गच्चीवरून वेफर्सचं पाकीट खाली टाकलं, तेव्हा मी रागाच्या भरात सांगितलं की गाई असलं प्लास्टिक खातात, ते पोटात अडकतं आणि त्या मरतात. खोटं काहीच नव्हतं त्यात, पण पोरगी रात्री झोपेना, रस्त्यात गाय दिसली की रडायला लागायची, ही मेली तर माझ्यामुळे का असं विचारायची. पुढे कितीतरी दिवस कचऱ्याचा विषय काढला की ती तिथून उठूनच जायची. तेव्हापासून मी ठरवलं की एवढ्या लहान जिवाला घाबरवायचं नाही. पृथ्वी तापतेय, बर्फ वितळतोय हे कळायला अजून वेळ आहे त्यांना, आत्ता त्यांना जे डोळ्यांनी दिसतं आणि हाताने करता येतं तेवढंच द्यायचं.

मग मी एकच गोष्ट धरली. घरातली कुठलीही वस्तू घ्यायची आणि ती कुठून येते, कुठं जाते ते मुलांना घेऊन शोधायचं. जेलरोडच्या लोकांना एक सोय आहे, एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुरांडी. एका संध्याकाळी स्कूटरवर दोघांना बसवून तिकडच्या रस्त्याला नेलं आणि सांगितलं की इथं रेल्वेने कोळसा येतो, तो जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने मोठं चाक फिरतं, त्यातून वीज होते आणि तारेतून आपल्याकडे येते (थेट याच केंद्रातली आपल्या पंख्यात येते असं नसतं, सगळीकडची वीज एकत्र होते, पण सहा वर्षांच्या पोराला एवढं चालतं). एक युनिट वीज करायला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो, म्हणून घरी आल्यावर वजनकाट्यावर अर्धा किलो कांदे ठेवून दाखवले की बघ, एवढा कोळसा. आता पंखा चालू राहिला की धाकटा ओरडतो "कांदे चाललेत!" आणि पळत जाऊन बंद करतो.

मोठीला मीटरचं काम दिलंय. दर रविवारी सकाळी रीडिंग घ्यायचं, कॅलेंडरवर लिहायचं आणि मागच्या रविवारचं वजा करायचं. वजाबाकी पक्की झाली हा वरचा फायदा. एका आठवड्यात ३८ युनिट आले, पुढच्या आठवड्यात ३१, तर तिनेच शोधलं की आधीच्या आठवड्यात पाहुणे होते आणि गिझर सकाळभर चालू असायचा. २००० वॅटचा गिझर सलग अर्धा तास तापला की एक युनिट जातं, हे मी सांगितलं पण गुणाकार तिने केला, आणि तिनेच बाबांना सुनावलं की बादली भरली की बटण बंद करत जा. मोठ्यांना बोलायचा हक्क मिळाला ना की मुलं ते काम मनापासून करतात, आणि तेव्हा आपण गप्प ऐकायचं, "तू मला शिकवू नकोस" म्हटलं की संपलं सगळं.

धाकट्याकडे दुधाची पिशवी. आपण कात्रीने कोपरा कापतो आणि तो एवढासा तुकडा बेसिनमधून गटारात जातो, भंगारात कोणी तो वेचत नाही. तर कोपरा पूर्ण तोडायचाच नाही, पिशवीला लटकता ठेवायचा, पिशवी धुवून दोरीवर वाळवायची आणि महिन्याने रद्दीवाल्याला द्यायची. रद्दीचे जे पैसे येतात ते त्याच्या डब्यात.

ओल्या कचऱ्यासाठी एका जुन्या माठाला भोकं पाडून घेतली, खाली सुका पाला, वर भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, परत पाला, मधूनमधून थोडं आंबट ताक. वास आला तर समजायचं ओलं जास्त झालंय, अजून पाला टाकायचा. दोनेक महिन्यांनी काळं मातीसारखं खत झालं तेव्हा दोघं त्यात हात घालून बसले होते, वास घेत होते, "याला तर पावसाचा वास येतो" म्हणाले. खरं सांगते, मला भरून आलं.

आणि पावसाळ्यात त्यांना गंगेवर नक्की न्या (तुम्ही नाशिकचे नसाल तर सांगते, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो). पूर असताना नाही, तो ओसरल्यावर. दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली उंच मूर्ती, पुराचं पाणी किती चढलं ते आम्ही तिच्यावरून बघतो) परत पूर्ण दिसायला लागला की बघायचं, कठड्यांना आणि झाडांच्या फांद्यांना पिशव्या लटकलेल्या असतात. काही बोलायची गरज पडत नाही, मुलंच विचारतात या कुठून आल्या आणि बाकीच्या कुठं गेल्या. मग हिवाळ्यात आम्ही त्याच नदीने खाली निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला गेलो, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं ते, लांबून येणारे पक्षी दुर्बिणीतून बघितले. मोठी म्हणाली, रामकुंडावरचं पाणी इथंच येतं ना गं आई? तेव्हापासून बाजारात जाताना कापडी पिशवी तीच आठवणीने घेते, मी विसरते कधीकधी.

२०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं होतं ते आमच्या सासूबाई त्यांना सांगतात, नळ चालू ठेवून दात घासणं त्या गोष्टीनंतर बंद झालं. आजी-आजोबा असतील तर त्यांना यात घ्याच, जुन्या साड्यांच्या गोधड्या, बोहारीण, विहिरीवरून पाणी आणणं हे त्यांनी जगलेलं असतं, आपल्यापेक्षा मुलं त्यांचं जास्त ऐकतात.

पण सगळं एकदम सुरू करू नका. छोट्याला दुधाची पिशवी आणि ८ वर्षांच्याला मीटर, एवढ्यावर दोन महिने काढा. आणि मीटर कुठंय ते आधी बघून ठेवा, आमच्या सोसायटीत जिन्याखाली इतका वर आहे की रविवारी स्टूल घेऊन मलाच सोबत जावं लागतं.