लाइव्ह रॉकवरचे शेवाळ आणि एप्टेशिया

प्रश्न : रीफ टाकीतल्या (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या) लाइव्ह रॉकवर (उपयुक्त जिवाणू वसलेल्या दगडांवर) केसाळ हिरवे शेवाळ माजले आहे. मधूनच तपकिरी, छोटे अ‍ॅनिमोनही (दगडाला चिकटणारे, फुलासारखे दिसणारे समुद्री जीव) दिसतात. शेवाळनाशक न घालता, ब्रशने घासून दोन्ही जातील का?

उत्तर : शेवाळ जाईल, एप्टेशिया नाही. हे तपकिरी अ‍ॅनिमोन तेच असावेत; त्यांच्या बुडाचा कण दगडात राहिला तरी नवा जीव उगवतो. त्यामुळे आधी त्यांचा बंदोबस्त करा. पंप बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची आरओ पाण्यात कालवलेली दाट पेस्ट सिरिंजने थेट त्यांच्या तोंडावर सोडा. पंधरा मिनिटांनी पंप चालू करा. एका वेळी तीन-चारच घ्या, नाहीतर पीएच झपाट्याने चढतो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

शेवाळासाठी पाणी बदलताना काढलेले टाकीचेच पाणी दोन बादल्यांत घ्या. पहिलीत दगड टूथब्रशने घासा, दुसरीत खळबळून टाकीत ठेवा. दोन्ही पाणी फेकून द्या. नळाचे पाणी वापरू नका; त्यातले क्लोरीन दगडातले उपयुक्त जिवाणू मारते. सगळे दगड एकाच दिवशी घासू नका. दगड हलत नसेल तर ब्रशशेजारी सायफनची नळी धरा, नाहीतर तुटलेले धागे टाकीभर पसरून रुजतात.

एवढे करूनही शेवाळ लगेच परतले, तर पाण्यातले नायट्रेट व फॉस्फेट (शेवाळाचे खत) मोजा आणि खाद्य कमी करा. नुसते घासत बसण्यात अर्थ नाही.