आधी सोळा मॅट्रिक्स

दांडिया बाजार, बडोदे

अनेक उत्तम आशीर्वाद.

पीएचडीसाठी तू पाठवलेली रिंग थिअरीतल्या (बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालणाऱ्या संचांच्या अभ्यासातल्या) विषयांची यादी वाचली. क्लीन रिंग, निल-क्लीन, स्ट्राँगली क्लीन, फाइन... व्याख्यांचं तण माजलंय. १९७७ मध्ये निकल्सननं क्लीनची, म्हणजे प्रत्येक घटक ‘आयडेम्पोटंट (ज्याचा वर्ग तोच) अधिक युनिट (ज्याचा व्यस्त रिंगमध्येच असतो)’ असा लिहिण्याची कल्पना मांडली, ती आयडेम्पोटंट लिफ्ट करण्याच्या, म्हणजे क्वोशंट रिंगमधल्या आयडेम्पोटंटवरून मूळ रिंगमधला मिळवण्याच्या, गरजेतून. नंतरच्या बऱ्याच पेपरांत अशी गरज दिसत नाही. एक शब्द बदलून जुनीच प्रमेयं पुन्हा सिद्ध केलेली असतात. असो.

हंसा मेहता ग्रंथालयात आणखी पेपर जमवण्याआधी थोडं हातानं करून बघ. ० आणि १ एवढ्याच घटकांच्या फील्डवर (फील्ड म्हणजे जिथे शून्य सोडून प्रत्येकानं भागता येतं; इथे १ + १ = ०) २×२ चे १६ मॅट्रिक्स होतात. त्यांत आयडेम्पोटंट ८, निलपोटंट (ज्याचा कुठलातरी घात शून्य होतो) ४. सोळाही ‘आयडेम्पोटंट अधिक निलपोटंट’ असे लिही; निल-क्लीन म्हणजे हेच. पहिली ओळ १, १ आणि दुसरी १, ० असलेला जरा अडवेल. त्याच्या खालच्या ओळीतला १ वेगळा काढ: काढलेल्याचा वर्ग शून्य, उरलेल्याचा वर्ग तोच.

मग तीन घटकांच्या फील्डवर एकक मॅट्रिक्सची दुप्पट घे. तिच्यातून कुठलाही आयडेम्पोटंट वजा केलास तरी आयगेनव्हॅल्यू २ किंवा १ च येतात, शून्य कधीच नाही. निलपोटंटच्या आयगेनव्हॅल्यू तर सगळ्या शून्य असतात; मग उरलेला तुकडा निलपोटंट कसा असेल? दोनाहून जास्त घटकांच्या प्रत्येक फील्डला हीच युक्ती लागू पडते; २ च्या जागी ० आणि १ सोडून कुठलाही घटक घे. दोन घटकांच्या फील्डवर मात्र कितीही मोठा चौरस मॅट्रिक्स घेतला तरी जमतं, हे ब्रेआझ, कलुगरेआनू, डान्चेव्ह आणि मिकू यांनी २०१३ मध्ये दाखवलं. ती सिद्धता सावकाश वाच. समरूपतेनं (A च्या जागी PAP⁻¹ घेतल्यानं) विघटन बिघडत नाही, म्हणून शेवटी कंपॅनियन ब्लॉकशीच, म्हणजे एकेका बहुपदीवरून बनणाऱ्या ठरावीक मॅट्रिक्सशीच, झुंजायचं असतं.

माझं मत विचारशील तर स्ट्राँगली क्लीन घे. तिथे आयडेम्पोटंट आणि युनिट हे दोन्ही तुकडे एकमेकांशी कम्यूट व्हायला हवेत, म्हणजे गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच यायला हवं. फील्डवर ते फिटिंगच्या विघटनातून (मॅट्रिक्सचा निलपोटंट भाग आणि उलटवता येणारा भाग वेगळे करून) आपसूक मिळतं. पण विषम छेदाच्या अपूर्णांकांची रिंग घेतलीस, की २×२ मध्येच गाडं अडतं. पहिली ओळ ०, −२ आणि दुसरी १, १ हा मॅट्रिक्स घे. डिटर्मिनंट २; एकक वजा केल्यावरही २. युनिट मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट युनिट लागतो आणि इथे सम संख्या युनिट नसते, म्हणून आयडेम्पोटंट शून्य किंवा एकक घेण्याच्या दोन्ही वाटा बंद. आणि त्याच्याशी कम्यूट होणारे आयडेम्पोटंट शून्य आणि एकक, एवढेच.

एवढेच का, ते रविवारी घरी आलीस की कागद न घेता सांग.