केटी लागली म्हणजे पोरीला झेपत नाही असंच का?

पहिल्या वर्षाचे रिझल्ट लागले की माझ्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो, कधी मुलं विचारतात, कधी आईवडील फोन करतात. "मॅडम, रिझर्व्हेशनमधून सीट मिळाली, घरात पहिलीच इंजिनिअरिंगला गेली आणि आता केट्या लागल्यात, पोरीला झेपणारच नाही का हे?" (केटी म्हणजे नापास झालेला, परत द्यावा लागणारा विषय.) वर्गातले काहीजण मागून जे बोलतात ते खरं तर नाही ना, ही धास्ती त्यातच असते, फक्त ती तोंडाने कुणी बोलत नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडची एक मुलगी, रेश्मा म्हणू (नाव बदललंय). दहावीपर्यंत आश्रमशाळा, मग तालुक्याला सायन्स, सीईटी आणि थेट पुणे. एम-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पेपरात, दोनदा उडाली. माझ्याकडे आली ती "माझं बेसिकच कच्चंय" हे घोकतच. मी म्हटलं अगं बेसिकचं बघू नंतर, तपासलेल्या पेपरची फोटोकॉपी मागवलीस का? नव्हती मागवली, उगाच पैसे जातात आणि मार्क काही वाढत नाहीत म्हणे. म्हटलं मार्क वाढवायला नाही, नुसतं बघायला मागव.

फोटोकॉपी आली. पार्शल डिफरन्सिएशनचं गणित, ऑयलरचं प्रमेय लावायचं, पहिल्या चार-पाच स्टेप्स अगदी बरोबर, शेवटी उत्तर जुळेना म्हणून रेश्मा बाईसाहेबांनी स्वतःच अख्ख्या गणितावर तिरकी रेघ मारलेली! आणि असं एकच गणित नाही, तीन. अहो एंडसेम, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटची परीक्षा, ७० मार्कांची, स्टेपला मार्क असतात, पण खोडलेलं कोण तपासणार? शहरातल्या पोरांना हे क्लासवाले नाहीतर बिल्डिंगमधला एखादा सीनियर दादा सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो, हिला सांगणारं कोणी नव्हतंच. स्कॉलरशिप रखडलेली म्हणून संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात बसायची, मग रात्री होस्टेलवर एकटीच गणितं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होती पण एक शंका कधी टाकली नाही, का तर "कोट्यातली आहे म्हणतील."

हे एकटीनं करणं मला सगळ्यात जास्त खटकलं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात यूरी ट्राइसमन नावाच्या गणितज्ञाला हाच प्रश्न पडला होता, की कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये एवढी मागे का राहतात. सगळे म्हणत होते गरिबी, घरचं वातावरण, मेहनतीची तयारी नाही. त्याने मुलांसोबत राहून बघितलं तर मेहनत भरपूर होती, पण एकेकट्याने. चिनी वंशाची मुलं आधी आपापलं सोडवायची आणि मग एकत्र बसून एकमेकांची गणितं तपासायची. मग त्याने वर्कशॉप सुरू केली, गटात बसायचं आणि मुद्दाम अवघड गणितं घ्यायची, सोपी नाही. मुलांचे ग्रेड चांगलेच वर गेले.

आपल्याकडे याच्या बरोबर उलटं चालतं. केटी लागली की रेमेडियल लेक्चर, म्हणजे मागे पडलेल्यांसाठी जादा तास, तेही कॉलेज सुटल्यावर, वेगळ्या वर्गात, सगळ्यांना दिसेल असं. त्या वर्गात जाणं म्हणजे कपाळावर शिक्का मारून घेणं, मग हुशार पोरं तर तिकडे फिरकतच नाहीत. सोय म्हणून चांगली आहे हो, पण माझं तिच्याबद्दल फारसं बरं मत नाही.

रेश्मासाठी आम्ही होस्टेलच्या मेसमधलं एक टेबल धरलं. तिच्यासारख्या अजून दोघी, आणि वर्गातली दोन अशी मुलं ज्यांचं एम-वन आधीच निघालं होतं (हे महत्त्वाचं, नाहीतर तोही रेमेडियलच झाला असता). जुन्या पेपरातलं सगळ्यात किचकट गणित आधी घ्यायचं, आपापलं सोडवायचं, मग एकाने मोठ्याने समजावायचं, भाषा कुठलीही चालेल. सुरुवातीला सगळे गप्पच बसायचे, एक मुलगा तर कंटाळून सोडून गेला. मग एकदा जेकोबियनचं गणित रेश्मालाच जमलं आणि तिने ते किनवटच्या ठसक्यात समजावलं, तिथनं गाडी सुरू झाली. मेसच्या पैशांचं कॉलेजच्या समान संधी केंद्राकडे बोलून हप्त्यावर करून घेतलं, झेरॉक्सचं दुकान सुटलं.

एम-वन निघाला. टॉपर वगैरे काही नाही झाली, एक विषय अजून लटकलाय.

तिच्या आईचा फोन अजूनही येतो, "बाई, परत गावाकडं आणू का तिला, बी.ए. तरी होईल." मी म्हणते थांबा जरा. आणि तुमच्याही घरात हाच विचार चालू असेल तर आधी पोरीला पेपरची फोटोकॉपी मागवायला सांगा, त्याची मुदत रिझल्टनंतर थोडेच दिवस असते.