शरद, पानगळ आणि पिकलेलं पान

प्रश्न असा : ओंटारियोत ऑक्टोबरात मेपलची झाडं लाल-केशरी होतात. तिथल्या मराठी मंडळींनी त्या झाडांखाली चिंतनाची एक सकाळ ठरवली आणि पत्रिकेत लिहिलं, 'शरद ऋतूतील पानगळीच्या अध्यात्मिक सौंदर्यासाठी आम्ही निसर्गाला कृतज्ञ आहोत.' एकाने हरकत घेतली की पानगळ शिशिरात होते, शरदात नव्हे. बरोबर काय?

महिन्यांच्या हिशेबाने पत्रिका बरोबर आहे. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, ऑक्टोबर त्यात येतोच. हरकत येते ती शब्दाच्या सवयीतून. मराठी कानाला शरद म्हटलं की गाळ बसून नितळ झालेलं पाणी, कोजागरीचं चांदणं आणि दाणा भरून वाकलेली भाताची लोंबी आठवते. झाडं तेव्हा हिरवीगार असतात. आपल्याकडचा पळस निष्पर्ण होतो तो शिशिरात, माघाच्या सुमारास. म्हणून 'शरदातली पानगळ' महाराष्ट्रात खटकते, ओंटारियोत ती डोळ्यांसमोर असते. तिथल्या झाडांबद्दल लिहिताना तिथलंच खरं धरावं. ऑक्टोबरातल्या झाडांना शिशिर चिकटवणं मात्र सरळ चूक.

जाता जाता जोडाक्षरांचं. संस्कृतात मूळ शब्द 'शरद्' असा व्यंजनान्त आणि स्त्रीलिंगी आहे. म्हणून संधीत शरच्चंद्र, शरत्काल अशी रूपं होतात. विशेषण शारदीय, त्यातली 'दी' दीर्घ. 'जीवेम शरदः शतम्' मध्ये तर शरद म्हणजे अख्खं वर्षच : शंभर शरद जगू या.

आता 'पानगळ'. ललित लेखनात हा हळवा शब्द आहे, पण डाळिंबाच्या बागायतदाराला विचारा. तो बहार धरताना पाणी तोडून बागेला ताण देतो, इथ्रेल हे पानं गाळणारं रसायन फवारतो आणि म्हणतो, 'पानगळ केली'. त्याच्या लेखी ते काम आहे. वनखात्याच्या भाषेत हाच अर्थ 'पानझडी' कडे जातो : पानझडी जंगल. तिथे 'पानगळी जंगल' कुणी म्हणत नाही.

वाक्यातल्या दुरुस्त्या. 'अध्यात्मिक' नव्हे, आध्यात्मिक. इक प्रत्यय लागला की पहिल्या अ चा आ होतो, जसं समाज-सामाजिक. 'सौंदर्यासाठी कृतज्ञ' ही बाहेरून आलेली मांडणी. मराठीत ज्या गोष्टीमुळे ऋण वाटतं तिला 'बद्दल' आणि ज्याचं ऋण त्याला 'प्रती' किंवा 'विषयी' लावतात : या रंगांबद्दल निसर्गाप्रती कृतज्ञता. 'आभार' इथे नको. आभार मानले की प्रकरण मिटतं, म्हणूनच ते समारंभाच्या शेवटी येतात. कृतज्ञ म्हणजे कृत जाणणारा, केलेलं लक्षात ठेवणारा. त्याच्या अगदी शेजारी कृतघ्न बसलेला असतो, केलेलं मारून टाकणारा. टंकताना एका अक्षराने घात होतो, तेव्हा छपाईआधी पत्रिका दोनदा वाचावी.

पण मला या सगळ्यापेक्षा जवळचा शब्द वाटतो तो 'पिकणे'. इंग्रजीत पान सुकतं, मरतं, रंग बदलतं. मराठीत पान पिकतं. जे क्रियापद आंब्याला, शेताला आणि डोक्यावरच्या केसांना, तेच पानाला. संस्कृत पक्व, प्राकृत पिक्क, त्यातून पिका आणि पिकणे. म्हणजे पिवळं पडणं ही आपल्या भाषेत झीज नाही, पूर्णत्वाला जाणं आहे. पुढचं क्रियापदही नेमकं आहे. फूल तोडतात, फांदी मोडते, पिकलं पान गळतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि पान तिथून आपसूक सुटतं, वाऱ्याचं निमित्त. मृत्युंजय मंत्रातला 'उर्वारुकमिव बन्धनात्' हाच अनुभव सांगतो, फक्त तिथे देठातून सुटणारं फळ काकडीच्या जातीचं आहे.

याच क्रियापदामुळे लाल मेपल आणि आपला शरद एका ओळीत बसतात. आश्विनात कोकणात दाराला 'नवं' बांधतात : भाताची लोंबी, आंब्याची पानं, नाचणीचं कणीस, कुरडू, झेंडू. पिकलेलं आधी दाराला आणि देवाला, मग पानात. काही भागांत कोजागरीलाच नवान्न पौर्णिमा म्हणतात. कॅनडातलं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतं, मुळात तेही सुगीचंच. त्याला 'आभारदिन' म्हणण्यापेक्षा नवान्नाची आठवण देऊन समजावणं सोपं जातं.

तेव्हा माझी सुचवण : 'पानं पिकण्याच्या या दिवसांत, निसर्गाप्रती कृतज्ञतेने जमू या.' शरद हवाच असेल तर तारखेच्या ओळीत 'आश्विन, शरद ऋतू' असा घालावा. फक्त मथळ्यात 'पिकली पानं' असं सुटं लिहू नका. मंडळातले ज्येष्ठ ते आमंत्रण खास आपल्यालाच आहे असं समजतील.