आजीच्या आठवणी आणि खाड्याची वही

प्रश्न : आमच्या आजीला जाऊन येत्या कार्तिकात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला जमणाऱ्या आप्तांच्या हाती तिच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका द्यावी, असे आम्हा नातवंडांच्या मनात आहे. आजी रत्नागिरीकडची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती बोटीने मुंबईला आली आणि पुढे लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत तिने वीस गिरणी कामगारांची खाणावळ चालवली. नातेवाइकांनी लिहून दिलेल्या मजकुरात मात्र ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘वात्सल्यमूर्ती’ एवढेच आहे. तिची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. कागदोपत्री १ जून लागली आहे. लग्नाच्या आदल्या पावसाळ्यात रामदास बोट बुडाली, एवढे ती सांगत असे. शिवाय खाणावळीचा आणि संपात गहाण पडलेल्या तिच्या पाटल्यांचा उल्लेख नको, असे थोरल्या काकांचे म्हणणे आहे. आम्ही कसे लिहावे?
— एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : आपल्या पत्रातले ‘वीस गिरणी कामगारांची खाणावळ’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. नातेवाइकांनी दिलेली विशेषणे खोटी नाहीत, पण ती कोणाच्याही आजीला लागू पडतात. दहा-बारा फुटांच्या खोलीत वीस माणसांचा स्वयंपाक करून त्यातच स्वतःची मुले वाढवणे हे मात्र आपल्या आजीचेच. म्हणून आप्तांना ‘आजी कशी होती’ असे विचारू नका. ती पहाटे उठल्यावर पहिल्यांदा कशाला हात लावी, दुसरी पाळी करून मध्यरात्री परतणाऱ्याचे ताट कशाखाली झाकून ठेवी, पीठ संपले तर कोणाच्या दारी जाई, असे विचारा. उत्तरे आपोआप निराळी येतील.

१ जूनचा भरवसा धरू नका. शाळा जूनमध्ये सुरू होत, तेव्हा जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांची हीच तारीख मांडली जाई, आणि पुढे कागद करताना अनेकांना ती सरसकट चिकटली. आजींनी सांगितलेली खूण त्याहून पक्की आहे. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रत्नागिरीच्या बोटी पावसाळ्यात बंद असत, लग्नांचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचे. तेव्हा १९४७ ची दिवाळी उलटल्यावर आणि १९४८ चा पाऊस लागण्यापूर्वी आजी धक्क्यावर उतरल्या असाव्यात. त्या हिशेबाने त्यांचा जन्म १९३२ किंवा १९३३ चा ठरतो. पुस्तिकेत ‘अंदाजे’ हा शब्द घालून तसेच छापा आणि ते कसे काढले तेही दोन ओळींत सांगा.

घरातली भांडी एकदा खाली उतरवा. आपल्याकडे भांड्यांवर नाव आणि तारीख घालण्याची चाल आहे; लग्नातले आहेर, बारशी, वास्तुशांत असा सगळा घराचा इतिहास तांब्या-डब्यांवर कोरलेला सापडतो. माझ्या आजीच्या पितळी डब्यावर नाव आजोबांचे आहे, आणि तो डबा घासला तिने जन्मभर. म्हणून सांगतो, लग्नात नाव बदलले असेल तर आजींचे माहेरचे नाव पहिल्याच पानावर यायला हवे. ते सांगणारे कोणी आज असेल, उद्या असेलच असे नाही.

आता खाणावळ. काकांच्या मनातला संकोच मी समजू शकतो; परक्या माणसांना पैसे घेऊन जेवू घालणे हे एके काळी घराण्याला कमीपणा आणणारे मानले जाई. पण गावाकडे बायका-मुले ठेवून एका गाळ्यात दहा-पंधराजणांनी राहणाऱ्या कामगारांच्या पोटाला आधार होता तो अशा बायकांचाच, आणि गिरणगावाची तिन्ही पाळ्यांची घडी त्यांच्या चुलीवर बसलेली होती. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, इतके हे काम मोठे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि खाणावळीच्या वहीत फक्त उधारी उरली. तरी अनेकींनी ताटे वाढणे थांबवले नाही. आजींची खाड्याची वही घरात असेल तर संपाच्या महिन्यांची पाने जशीच्या तशी छापा. कोण किती दिवस जेवला नाही याची नोंद ठेवणाऱ्या वहीत, पैसे न देता कोण किती दिवस जेवला हेही दिसेल.

पाटल्यांचे मात्र काकांशी निवांत बसून बोला. त्या कशापायी गेल्या आणि पुढे सुटल्या का, हे तेच सांगू शकतील. कदाचित सांगता सांगता त्यांचेच मत बदलेल. नाहीच बदलले तर गहाणाची ओळ गाळा, कारण ती जखम त्यांचीही आहे. खाणावळ गाळू नका. ती गाळली तर आजींच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे पुस्तिकेत कोरी राहतील.

आणि छापखान्यात मजकूर देण्याआधी एक काम अवश्य करा. त्या वीस जणांपैकी कोणी गावी हयात असतील, आता ऐंशीच्या पुढचे असतील. त्यांना फोन लावा, आणि आपल्या आजीच्या हातचे बुधवारी ताटात काय असायचे, एवढेच विचारून गप्प बसा.