सायकलवरची ती दोन पोरं दिवसभर करतात काय?

मागच्या अंकात जपानमधल्या आयुष्याबद्दल लिहिताना सायकलवरून फिरणाऱ्या, हेल्मेट-टायवाल्या मॉर्मन मिशनरी मुलांचा, म्हणजे मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या चर्चतर्फे धर्मप्रचाराला आलेल्या मुलांचा, ओझरता उल्लेख केला होता, तर त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. मी त्या चर्चची नाही. पण आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर बऱ्याच वर्षांपासून या मुलांचा फ्लॅट आहे, मुलं बदलत राहतात आणि फ्लॅट तोच, त्यामुळे त्यांचं रोजचं आयुष्य जवळून बघायला मिळतं. त्यातली काही पत्रं इथे घेतेय.

ताई, ओसाकात स्टेशनबाहेर दोन मुलं भेटली, एक अमेरिकन, एक जपानी. छातीवर नावाची काळी पट्टी. फ्री इंग्लिश क्लासचं कार्ड दिलं. माझा जपानी रूममेट जायचं म्हणतोय. हे लोक कोण, यांना पगार किती असतो आणि यात काही गडबड तर नाही ना?

गडबड काही नाही, पण उद्देश मात्र आहे, आणि तो ते लपवत नाहीत. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे त्यांच्या चर्चचं पूर्ण नाव, 1830 साली अमेरिकेत सुरू झालं, मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला. जपानमध्ये त्यांचे पहिले मिशनरी 1901 मध्ये योकोहामाला उतरले, मधे 1924 ला काम बंद पडलं आणि युद्धानंतर 1948 पासून परत सुरू झालं, म्हणजे ही काही कालपरवाची गोष्ट नाही. इंग्लिश क्लास खरंच फुकट असतो आणि खरंच इंग्लिशच शिकवतात, बहुतेक ठिकाणी शेवटी एखादी छोटी प्रार्थना किंवा धर्माबद्दल दोन शब्द असतात, त्याला थांबायचं की नाही ते आपल्यावर. लोकांनी त्यांचं ऐकावं, बाप्तिस्मा घ्यावा ही त्यांची इच्छा असते हे रूममेटला आधीच सांगून ठेव म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. इंटरेस्ट नसेल तर तसं स्पष्ट सांगितलं की पुरे.

पगार शून्य. उलट मुलगा किंवा त्याच्या घरचे पैसे भरतात. अमेरिकेतून जाणाऱ्यांना 2020 च्या जुलैपासून महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात, त्याआधी 400 होते, आणि कुठल्याही देशात पाठवलं तरी रक्कम तीच. 1991 च्या आधी ज्या देशात जाल तिथला जो काही खर्च येईल तो घरच्यांनी द्यायचा अशी पद्धत होती, म्हणजे मुलाला जपान मिळालं की बापाचं बजेट कोलमडायचं आणि शेजारच्याच्या मुलाला स्वस्त देश मिळाला की तो निवांत, म्हणून मग सगळ्यांना सारखी रक्कम केली. बरीच मुलं शाळेत असल्यापासून पार्टटाइम कामं करून हे पैसे साठवतात. आणि देश आपण निवडायचा नसतो! अर्ज करायचा, मग पत्र येतं की तुला अमुक मिशनला, म्हणजे प्रचाराच्या अमुक भागात, जायचंय, ते वाचायला अख्खं कुटुंब जमतं.

त्यांचा दिवस नक्की कसा असतो? सुट्टी असते का?

सकाळी साडेसहाला उठायचं, थोडा व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग धर्मग्रंथाचा अभ्यास, एकट्याने आणि जोडीदाराबरोबर, परदेशात असतील तर वर भाषेचा अभ्यास, आणि मग बाहेर. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत घरी, साडेदहाला लाइट बंद. 2017 मध्ये टाइमटेबल जरा सैल केलं, देशाप्रमाणे थोडं मागेपुढे करता येतं, पण एकूण साचा हाच. मुलं हे काम 24 महिने करतात, मुली 18 महिने. 2012 मध्ये मुलांचं किमान वय 19 वरून 18 आणि मुलींचं 21 वरून 19 केलं (2025 च्या शेवटी तेही 18 झालं), 2012 पासून मुलींची संख्या खूप वाढली. टीव्ही नाही, सिनेमा नाही, डेटिंग नाही, पोहायलाही परवानगी नाही. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत नाहीत, एल्डर किंवा सिस्टर आणि पुढे आडनाव, जपानमध्ये पट्टीवरही आडनाव काताकाना या जपानी लिपीत असतं.

जपानी शिकायला म्हणून, जपानला निघायच्या आधी, युटातल्या प्रोवोच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये साधारण नऊ आठवडे मिळतात. नऊ आठवड्यांत जपानी! त्यानंतर थेट रस्त्यावर. इथल्या नव्या बिल्डिंगमध्ये खालचा दरवाजाच कोड टाकल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे दारोदार फिरणं फारसं जमत नाही, मग स्टेशन, पार्क, सिग्नल अशा ठिकाणी अनोळखी माणसाला थांबवायचं, मोडक्या जपानीत बोलायचं, आणि समोरचा मान झुकवून हसून निघून जातो. दिवसाला असं किती वेळा होत असेल ते त्यांनाच माहीत.

सुट्टी आठवड्यातून एक दिवस, बहुतेक सोमवारी, तीही संध्याकाळी सहापर्यंत. पी-डे म्हणतात त्याला, म्हणजे प्रिपरेशन डे. कपडे धुणं, किराणा, घरी ईमेल, केस कापणं. सोमवारी दुपारी खालच्या बाल्कनीत नुसते पांढरे शर्ट वाळत असतात, दोघांचे अगदी सारखे, आणि कॉलरच्या आत मार्कर पेनने आडनाव लिहिलेलं, नाहीतर कुठला कोणाचा ते कळणारच नाही. एकजण खुर्चीवर टॉवेल गुंडाळून बसलेला आणि दुसरा मशीनने त्याचे केस कापतोय, हे पण बऱ्याचदा बघितलंय.

मला वाटतं सगळ्यात वाईट म्हणजे लोकांचे नकार पचवणं. बरोबर ना?

मला नाही वाटत तसं. नकाराची सवय होते, महिनाभरात ही मुलं त्यावर सहज बोलायला लागतात. सगळ्यात अवघड आहे तो जोडीदार, कम्पॅनियन. आणि बाहेरून बघणाऱ्याला नेमकं हेच दिसत नाही कारण आपल्याला दोन शर्ट दिसतात, दोन वेगवेगळी माणसं नाही.

विचार करा, वय अठरा-एकोणीस, घरात बहुधा स्वतःची खोली होती, आणि आता एक अनोळखी मुलगा, जो तुम्ही निवडलेला नाही, तो चोवीस तास बरोबर. नियम असा की एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं, फक्त बाथरूममध्ये एकटं. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात, कोण कोणाबरोबर ते मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या मिशनरींचे प्रमुख, ठरवतात, कधी तीच जोडी पुढे चालू राहते, कधी बॅग भरून दुसऱ्या शहरात. नवीन आलेल्याला पहिले दोन टप्पे म्हणजे साधारण बारा आठवडे ट्रेनर असतो, आणि तो ट्रेनर स्वतः वीस वर्षांचा!

एकदा पावसात खाली सायकल स्टँडजवळ दोघं उभे होते, एक रेनकोट घालून सायकलवर बसलेला, दुसरा कुलूप उघडायलाच तयार नाही. आवाज चढले नव्हते पण वाद चालला होता हे तिसऱ्या मजल्यावरून कळत होतं. घरी असते तर एकाने दार आपटलं असतं, दुसरा मित्राकडे गेला असता. इथे तो पर्यायच नाही, कारण एकटं कुठे जाताच येत नाही! शेवटी सायकलवरचा उतरला, दोघंही पायरीवर बसले, बराच वेळ, मग रेनकोट घालून दोघं निघाले. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून काय पटतंय काय खटकतंय ते बोलायचं अशी त्यांच्यात पद्धतच आहे, आणि मला ती फार आवडते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मोठ्या माणसांना, नवरा-बायकोंना, पार्टनर्सना हे आयुष्यभर जमलेलं नाही. त्यांच्या धर्माबद्दल तुमचं मत काहीही असो, एवढ्या कोवळ्या वयात न निवडलेल्या माणसाबरोबर नीट राहायला शिकणं याला मी खूप मोठं मानते.

मी एक आई आहे. एवढी लहान मुलं, घरापासून लांब, मनाने खचत नाहीत का? आणि खचली तर काय?

खचतात. हे झाकून काही उपयोग नाही. पहिले काही महिने तर बऱ्याच जणांचे फार वाईट जातात. पूर्वी घरी फोन फक्त ख्रिसमसला आणि मदर्स डेला करता यायचा, बाकी पत्र, नंतर ईमेल. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला पी-डेला फोन किंवा व्हिडिओ कॉल करायला परवानगी मिळाली. मला विचाराल तर हा बदल फार आधी व्हायला हवा होता, आईचा आवाज ऐकल्याने कोणाची श्रद्धा कमी होत नाही हो. आता चर्चकडून समुपदेशनाचीही सोय असते.

तरीही काही जण मधेच परत जातात, तब्येत, चिंता, डिप्रेशन, कधी काहीतरी चुकलेलं असतं, कधी विश्वासच उरलेला नसतो. नियमाने जाता येतं, कोणी डांबून ठेवत नाही. त्रास असतो तो परत गेल्यावर, जिथे प्रत्येक घरातला मुलगा दोन वर्षं पूर्ण करून आलाय तिथे हा सात महिन्यांत आला की लोक कुजबुजतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. आजारी पडलेल्या मुलाने घरी येणं यात लाज कसली? हल्ली घरी राहून सेवा करायचा, म्हणजे सर्व्हिस मिशनचा पर्यायही असतो, त्यामुळे थोडं सोपं झालंय, पण लोकांची तोंडं बंद व्हायला वेळ लागेल.

आम्ही त्सुकुबाला राहतो. त्यांना जेवायला बोलवायचंय, धर्मात रस नाही. चालेल का?

अगदी चालेल, ते आनंदाने येतील, फक्त धर्मावर बोलायचं नाही असं आधीच सांगा. दोघांना बोलवा, एकट्याला येताच येणार नाही. घरी तुम्ही एकट्या बाई असाल आणि ती मुलं असतील तर आत येणार नाहीत, एखादा मोठा पुरुष घरात असावा लागतो, मुली मिशनरी असतील तर याच्या उलट, म्हणून वेळ तशी ठरवा. चहा-कॉफी करू नका, ग्रीन टी पण चालत नाही, दारू-सिगरेट तर नाहीच. मुगीचा, म्हणजे भाजलेल्या जवाचा (बार्लीचा) जपानी चहा, चालतो, उन्हाळ्यात गार मुगीचाचा जग भरून ठेवा, सायकल मारून आलेली पोरं तो बघता बघता संपवतात. आणि भरपूर करा. रात्री नऊच्या आत निघता येईल असं बघा, म्हणजे त्यांची धावपळ होणार नाही.