भाडेकरूने न विचारता पोटमाळा बांधला, तर जागा खाली करून घेता येते का?

येते, पण पोटमाळा कायमस्वरूपी बांधकाम ठरला तरच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16(1)(ख) नुसार घरमालकाची लेखी संमती नसताना केलेलं असं बांधकाम निष्कासनाला, म्हणजे भाडेकरूला जागेतून काढायला, पुरतं. तोंडी ‘हो’ चालत नाही. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातला ओटा, फॉल्स सीलिंग, एसी मात्र त्यात धरत नाहीत (लागेल तिथे पालिकेची परवानगी हवी). म्हणून पुरावा गोळा करा: लोखंडी गर्डर भिंतीत गाडलाय की नटबोल्टने बसवलाय, स्लॅब ओतलाय की नुसत्या फळ्या, याचे फोटो आणि आर्किटेक्टचा अहवाल. बरेच दावे इथेच लंगडे पडतात. मुंबईत दावा लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्ट). लिव्ह अँड लायसन्स असेल तर हे कलम लागत नाही, करार पाहा.